मांजरीची पिशवी

मांजर किती महिन्यांत वयात येती हे मला चाळिशीपर्यंत ठाऊक नव्हतं. शेळीचं ठाऊक होतं, म्हशीचं ठाऊक होतं, अन् गल्लीतल्या पोरींचं तर त्यांच्या आयांच्या आधी शेजारणींना कळतं. मांजरीकडं कोण बघतं? ती येती, उंदीर खाती, कुठंतरी अडगळीत व्याती, अन् पिलं तोंडात धरून घरं बदलत हिंडती. तिच्यातबी काय शिकायचं असतं, असं मला वाटायचं. त्या अडाणीपणापायी माझ्या हातून एक जीव गेला. म्हणून हे सांगायला बसले.

आधी माझं सांगते, म्हणजे पुढचं कळंल. मी तेवीस वर्षांची असताना माझी पिशवी काढली. पिशवी म्हणजे गर्भाशय, पण आमच्या चकलांब्यात त्याला तसं कुणी म्हणत न्हाई. तवा आमी दोघं नवरा-बायको ऊसतोडीला जायचो. पोरगी दोन वर्षांची, दिवसभर फडात पाचटावर बसवलेली. माझ्या अंगावरून पांढरं जायचं, ओटीपोट ठणकायचं. फडावर ना आडोसा, ना धुवायला पाणी, अन् पाळीचं दुखतंय म्हणून कोपीत, आमच्या पाचटाच्या झोपडीत, बसलं तर खाडा, म्हणजे मजुरी जाऊन वर दंड. टोळीतल्या बायका एकमेकींना विचारायच्या, "तुझी काढली का गं?" चहा झाला का विचारावं इतक्या सहज.

हंगामाच्या तोंडावर मुकादम, म्हणजे आमची टोळी जमवणारा माणूस, आमाला एका शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरनं पोटावरून मशीन फिरवलं अन् म्हणाला, "पिशवी खराब झालीय. ठेवली तर कॅन्सर होईल." हे त्यानं माझ्याकडं बघून न्हाई सांगितलं, आमच्या मालकांकडं, म्हणजे नवऱ्याकडं, बघून सांगितलं. मला अजून एक लेकरू पाहिजे होतं. पण कॅन्सर म्हणल्यावर तोंडातून शब्द फुटतो का? मालकांनी सही केली, अन् दुसऱ्या दिवशी मला आत नेलं.

काढल्यावर नर्सनं ती स्टीलच्या ट्रेमध्ये घालून बाहेर दाखवायला नेली. आमच्या मालकांना, अन् शेजारी उभ्या असलेल्या मुकादमाला. मी आत बेशुद्ध. माझ्या पोटातली माझी पिशवी मुकादमानं बघितली, मी न्हाई! ह्याचा मला आजबी राग येतो, अन् कावून येऊ नये? घरी आल्यावर मालकांना विचारलं, कशी होती? म्हणाले, "काळी पडलती." लई वर्षांनी एकदा भांडणात खरं बोलले, की मी डोळे मिटलते, मला बघवलं न्हाई.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच किडा वळवळतो. ती खराब होती का चांगली होती? दवाखान्याची फाईल माझ्या पेटीच्या तळाशी लग्नाच्या शालूखाली ठेवलेली. मी सातवी शिकलेली, मराठी सगळं वाचते, पण फाईल सगळी इंग्रजीत. पोरगी आता बीडला हॉस्टेलवर राहून शिकती, इंग्रजी फाडफाड वाचती. तिच्याकडून वाचून घेता आलं असतं की. पण भीती वाटायची. खराब होती असं निघालं तर सुटले. चांगली होती असं निघालं तर? मग मी कुठं जाऊ, कुणाची गचांडी धरू, अन् पोरीला कोणतं तोंड दाखवू? म्हणून पेटीला कुलूप. अन् ओटीपोट मात्र अजून महिन्याच्या महिन्याला दुखतं. जी जागाच न्हाई ती दुखती. मालकांना सांगितलं तर म्हणतात, भास हाय.

आता मांजरीचं. पोरगी दिवाळीच्या सुट्टीत आलती, तिनं रस्त्यावरून मुठीएवढं पिल्लू उचलून आणलं. करडं, पोटाला पांढरं, कान आभाळाला लागलेले. "आई, मी चालले, तू सांभाळ," म्हणून मोकळी झाली. मी आधी कुरकुरले. पण मालक आता तेलगावकडं एका बागायतदाराच्या ट्रॅक्टरवर असतात, हप्त्याला येतात. घरात मी अन् दोन शेळ्या. म्हणलं, राहा बाई, तेवढंच घरात कुणीतरी ओरडायला.

माघात एक शेळी पोट फुगून पडली. तवा गेवराईहून जनावरांची डाक्टरीण आली. तरुण पोर, जीन्स घातलेली, पण शेळीच्या पोटाला हात लावला की कळायचं, जाणती हाय. शेळीला औषध पाजून हात धुताना तिचं लक्ष मांजरीवर गेलं.

"मावशी, किती महिन्यांची?"

"चार झाले असतील."

"मादी हाय ना? मग आता महिनाभरात माजावर येईल. त्याच्या आत आणा माझ्याकडं, ऑपरेशन करून टाकू."

मला हसूच आलं. "अहो बाई, ती अजून शेपटीशी खेळती!"

"खेळू द्या की. मांजरी चौथ्या-पाचव्या महिन्यातच वयात येतात. अंग लहान असतं अन् पोट राहतं, तिथंच घात होतो. माज यायच्या आधी करणं सगळ्यात चांगलं."

"एक वेत तरी होऊ द्यावं म्हणतात."

"काही गरज न्हाई मावशी, तो गैरसमज हाय. पहिल्या वेतातच मरतात कितीतरी." तिनं हात पुसले. "अवघड काही न्हाई. पिशवी काढायची, दोन टाके, झालं."

पिशवी काढायची, दोन टाके, झालं! माझ्या अंगाचा नुसता भडका उडाला. "तुमाला काय," मी म्हणले, "दिसली बाई का काढा पिशवी! माणूस न्हाई बघत अन् मांजर न्हाई बघत. लई घाई असती तुमा लोकांना." ती पोर कावरीबावरी झाली. तिला काय माहीत माझ्या पेटीत काय हाय ते. बिचारी "बरं मावशी" म्हणून गाडीला किक मारून गेली. मी दारातच उभी राहिले, अन् मांजर माझ्या पायाशी तिच्याच शेपटीमागं गोल गोल फिरत होती.

फाल्गुन संपता संपता एका भर दुपारी ती ओरडायला लागली. तसला आवाज मी आधी ऐकला नव्हता. म्याँव न्हाई, लांब, खोल, पोटातून ओढून काढल्यासारखा. मी धावत आले, तर ती जमिनीवर लोळतीय, पुढचे पाय टेकून मागचं अंग वर करतीय, पायांनी फरशी तुडवतीय. मला वाटलं, विष घातलेला उंदीर खाल्ला. दूध-हळद पाजायला गेले तर वाटी उलथून टाकली. शेजारीण डोकावली अन् पदर तोंडाला लावून हसायला लागली. "अगं बया, काय घाबरतीस! माजावर आलीय ती."

"एवढीशी?"

"एवढीशीच येती."

चार दिवस ती ओरडली. ऑपरेशनच्या गुंगीतून मी जागी होत होते तवा कुणीतरी असंच ओरडत होतं. बाजूच्या खाटेवर कुणी असंल असं मी धरून चाललते. आता इतक्या वर्षांनी, त्या मांजरीपाशी बसून, मला शंका आली की ती मीच असंन. तिच्या पाठीवर हात ठेवला तर ती आणखी मोठ्यानं ओरडायची, अन् मी हात काढून घ्यायची.

पोरीचा फोन आला. तिला पाठीमागं आवाज ऐकू गेला. "आई, डॉक्टरनं सांगितलतं ना? हा माज उतरला की लगेच घेऊन जा. तवर बाहेर सोडू नको."

"एकदा आई तर होऊ दे तिला."

"अगं, ती लेकरू हाय अजून!"

"मी तरी कुठं मोठी होते?" मी फटकन बोलले. सोळाव्या वर्षी लग्न, अन् पोरगी झाली तवा मी एकवीस. मधलं एक पडलं ते उसाची मोळी उचलताना. हे सगळं तिला माहीत हाय. तिनं फोन ठेवला.

अन् मी काय केलं? दार उघडलं. खोटं कशाला बोलू, कुणी चुकून उघडं ठेवलं न्हाई, वाऱ्यानं ढकललं न्हाई. मी कडी काढली अन् म्हणले, जा. भिंतीवर फाटक्या कानाचा बोका तीन दिवसांपासून बसून होता. मला वाटलं, मी हिच्यावर उपकार करतीय. जे माझ्याकडून कुणी न विचारता काढून घेतलं, ते मी हिला देतीय. पण विचारलं मीबी न्हाई. तिच्या वतीनं मीच ठरवलं, त्या डॉक्टरनं माझ्या वतीनं ठरवलं तसं.

पोट राहिलं. नऊ आठवडे मांजरीचे दिवस असतात. तेवढ्यात तिचं अंग वाढायचं थांबलं अन् पोट तेवढं वाढलं. पाठीचा कणा बोटाला लागायचा. चालताना पोट जमिनीला घासायचं. शेजारीण म्हणायची, चांगली चार हायेत गं आत. मी अंडी चारली, शेळीचं दूध पाजलं. ती खायची अन् माझ्याकडं बघायची. ते बघणं मला सोसायचं न्हाई, मी उठून भांडी घासायला जायची.

उन्हाळ्यात मी पेटीतले कपडे उन्हाला घालते. त्या दिवशी सकाळी पेटी उघडी होती, कपडे बाहेर दोरीवर होते. येऊन बघते तर ती पेटीत. रिकाम्या पेटीत, बरोबर त्या फाईलवर, अंग आवळून बसलेली. मी फाईल ओढायला गेले तर ती फिस्कारली. पहिल्यांदाच माझ्यावर फिस्कारली. म्हणलं राहू दे.

पहिलं पिल्लू नीट आलं. तिनं चाटून कोरडं केलं. दुसरं अडकलं. अर्धा तास, तास, दोन तास. ती कळा देत होती अन् पत्र्याच्या पेटीला तिच्या नखांचा करकर आवाज येत होता. मी डाक्टरणीला फोन लावला. वाटलं, आता ही बोलणार, बघा सांगितलं होतं. ती एवढंच म्हणाली, "मावशी, ताबडतोब आणा. मी इथंच थांबते." मालक तेलगावला. शेजारणीचा पोरगा मोटारसायकल घेऊन रानात गेलेला. मी मांजरीला पदरात गुंडाळून भर उन्हात फाट्यावर उभी राहिले. एसटीचा पत्ता न्हाई, जीप भरून गेलेली. एक टेम्पोवाला थांबला, तवर पदरातलं अंग जड झालं होतं. मी त्याला म्हणले, जा दादा, आता काम न्हाई. तो म्हणाला, मांजरच होतं ना मावशी. मी पदर आवळून तशीच माघारी फिरले, नाहीतर मी कुणाला अशी सोडत न्हाई.

शेळ्यांच्या गोठ्यामागं लिंबाखाली तिला पुरलं. पेटीपाशी परत आले तर ते एक पिल्लू फाईलवर सरपटत होतं, डोळे बंद, आईला हुंगत. फाईलवर रक्ताचे डाग, पाण्याचे डाग. मी पिल्लू उचललं अन् फाईल तशीच उन्हात वाळत घातली, कपड्यांच्या शेजारी.

त्यानंतर दुपार झाली की मला पेटीतून करकर ऐकू यायची. पेटी उघडायची, आत काही न्हाई. बंद करायची, की परत. मालक आले तवा त्यांनीबी एकदा मान वर करून विचारलं, "उंदीर शिरलाय का गं पेटीत?" मी म्हणले, उंदीर न्हाई. मग मी पेटीचं कुलूपच काढून टाकलं, अन् फाईल फळीवर ठेवली, येता-जाता दिसंल अशी. भीती होतीच, पण त्या करकरीपेक्षा ती बरी वाटायला लागली.

पिल्लू जगलं. कापसाची वात शेळीच्या दुधात भिजवून चोखवली, दर दोन तासांनी. पोरगी सुट्टीत आली, तिनं पिल्लाला हातात घेतलं, आईचं विचारलं. मी सांगितलं, दार मी उघडलं. ती रडली, मग माझ्याजवळ येऊन बसली. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

तेबी मादीच. या वेळी मी भिंतीवरच्या कॅलेंडरावर पेन्सिलीनं महिने मांडले. पहिला, दुसरा, तिसरा. चौथा भरला अन् माझी झोप उडाली. तिनं जरा आळस दिला तरी मी बघायची, लोळतीय का? चार महिने अन् वर काही दिवस झाले, तवा डाक्टरणीला फोन केला. ती म्हणाली, "बरोबर वेळ हाय. सकाळी काही खायला देऊ नका."

किराणा दुकानातून खोकं आणलं, त्याला भोकं पाडली. तळ लिबलिबीत होता म्हणून खाली ती फाईल घातली, वर जुनं लुगडं. तळाला आधार म्हणून घातली, असं मी स्वतःला सांगितलं. पण पाट होता, परात होती, घरात पुठ्ठे काय कमी होते?

गेवराईला तिच्या दवाखान्यात तिनं माझ्यापुढं कागद ठेवला. "मावशी, इथं सही करा. भूल द्यायची परवानगी, ऑपरेशनची परवानगी." मग एक एक गोष्ट समजावून सांगितली. काय काढणार, कावून काढणार, काय धोका असतो. मी ऐकत होते. एका मांजरीसाठी एवढं सांगतात! मी सही केली. अक्षर वाकडं आलं.

"डाक्टरीणबाई, काढल्यावर मला दाखवशील?"

"दाखवीन की."

बाहेर बाकावर बसले. आत स्टीलचा ट्रे ठेवल्याचा आवाज आला. पळून जावं वाटलं. तेवढ्यात तिनं आत बोलावलं. मांजर पाय ताणून निजलेली, जीभ जरा बाहेर, पोट हळूहळू वर-खाली होतंय. शेजारी ट्रेमध्ये ती. गुलाबी, गलोलीसारखी दोन फाट्यांची, माझ्या करंगळीहून बारीक.

"एवढीच?"

"एवढीच. कवळी हाय अजून."

"काही खराबी होती का हिच्यात?"

"न्हाई मावशी. एकदम निरोगी. निरोगी असतानाच काढतो आपण, आईसारखं हिचं होऊ नये म्हणून."

मी खाली वाकले अन् खोक्यातली फाईल काढून तिच्या हातात दिली. तिनं डाग बघितले, मग वरचं पान बघितलं. "मावशी, हे माणसांचं हाय."

"माझं हाय. वाच."

"मी जनावरांची डॉक्टर हाय. मी कसं सांगू?"

"इंग्रजी तर येतं ना? जे लिहिलंय ते मराठीत सांग, तुझ्या मनाचं सांगू नको."

तिनं वाचलं. मग पान उलटून परत पहिल्यापासून वाचलं. "वय तेवीस," म्हणाली. मग बोट ठेवून सांगायला लागली, हळूहळू. "गर्भाशयाचा आकार नॉर्मल. गाठ न्हाई. दोन्ही अंडाशयं नॉर्मल. तोंडाशी थोडी सूज."

"सुजेला काय करतात?"

"आमच्या जनावरांत तर औषध देतो मावशी," तिनं फाईल मिटली. "गोळ्या देतो."

मी फाईल परत घेतली. रडू येईल वाटलं होतं, आलं न्हाई. राग मात्र लई आला. तिनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग मांजर डोळे उघडायला लागली तशी तिनं सूचना सांगितल्या. दहा दिवस उड्या मारू द्यायच्या न्हाईत, टाके चाटू द्यायचे न्हाईत, उबेला ठेवायचं, पूर्ण आराम. मी सगळं नीट ऐकून घेतलं. माझ्या ऑपरेशननंतर मी एकविसाव्या दिवशी डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढलते.

फाट्यावर उतरले, खोकं मांडीवर घेऊन, तिची आई पदरात गेली तिथंच एका दगडावर बसले. आत ती जरा हलली, भोकातून पंजा बाहेर काढला. पोरीचा फोन आला.

"आई, झालं का? कशी हाय? काय म्हणाली डॉक्टर?"

"झालं गं," मी म्हणले. "चांगली होती. दोघींचीबी चांगली होती."